गालगुंड ‘खाली उतरलं’, आता लग्नाचं काय?

‘एका बाजूचा अंडकोष सुजलाय, मला मूल होईल ना?’ हा प्रश्न पुरुष सरळ कधीच विचारत नाहीत. आधी कंबर दुखते म्हणतात, मग उष्णता झाली म्हणतात, मग ‘मित्राला झालंय’. तोवर दोन-तीन दिवस अंगावर काढलेले असतात.

मागे एक २६ वर्षांचा मुलगा आला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) साखरपुडा झालेला, लग्न तोंडावर. सर्जरीच्या ओपीडीतून त्याला माझ्याकडे पाठवलं होतं आणि दारावरची ‘सुरक्षा क्लिनिक’ (लैंगिक संबंधातून होणाऱ्या आजारांचा सरकारी दवाखाना) ही पाटी वाचून तो भडकला होता. “मी तसला नाही, मॅडम,” हे पहिलं वाक्य. दुसरं, “जेन्ट्स कुणी नाही का?” त्या दिवशी नव्हतं.

मी त्याला म्हटलं, तुमच्या चारित्र्याची चौकशी करायला मी बसलेले नाही. पस्तिशीच्या आतल्या पुरुषांत ही सूज बऱ्याचदा लैंगिक संबंधातून आलेल्या जंतूंमुळे होते, त्यापुढच्या वयात बहुधा लघवीच्या संसर्गामुळे. औषध कारणावर ठरतं, म्हणून हे प्रश्न विचारावे लागतात. संबंध आले असतील तर जोडीदारालाही औषध द्यावं लागतं.

त्यावर तो जरा निवळला. संबंध नव्हते, लघवीला जळजळ नव्हती. मग बोलता बोलता म्हणाला, भाच्याला गालगुंड झालं होतं, नंतर माझेही गाल फुगले, आईने लेप लावला. पाच-सहा दिवसांनी ताप उलटला आणि उजवी बाजू सुजली. गालाचा खाली काय संबंध, म्हणून हे डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं! मेडिकलमधून अँटिबायोटिक मात्र घेऊन झालं होतं.

मी त्याला तसाच सर्जनकडे परत धाडला. वयात आल्यानंतर गालगुंड झालेल्या पुरुषांपैकी साधारण १५ ते ३० टक्क्यांना वृषणदाह, म्हणजे अंडकोषाला सूज, होतो, बहुतेकदा एकाच बाजूला. तो विषाणूमुळे होतो, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. डॉक्टरांनी सांगितलं ते साधंच: झोपून राहा, खाली टॉवेलची घडी ठेवून अंडकोष उचललेला ठेवा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं लावा, दुखण्या-तापाची गोळी घ्या, उठताना लंगोट किंवा घट्ट चड्डी घाला. गरम शेक नको. (आजोबांचा लंगोट इथे खरंच उपयोगी पडतो, पण तो घाला म्हटलं की पोरं हसतात.)

त्याची सोनोग्राफी आधीच झाली होती, रक्तपुरवठा नीट होता. ही तपासणी का करतात ते प्रत्येक आईबापाला ठाऊक हवं. दुखणं अचानक, असह्य सुरू झालं, उलटी झाली, अंडकोष वर ओढल्यासारखा वाटला, तर त्याला पीळ पडलेला असू शकतो. सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर तो बहुधा वाचतो. हे शाळकरी मुलांत जास्त होतं आणि शाळकरी मुलगाच घरी बोलत नाही. तिथे बर्फ लावत, सकाळची वाट बघत बसायचं नाही, रात्री दोनलाही हॉस्पिटल गाठायचं.

आता मुलाबाळांचं. गालगुंडानंतर सुजलेला अंडकोष पुढे थोडा लहान होऊ शकतो, शुक्राणू काही काळ कमीही होतात. पण एकच बाजू सुजलेली असेल तर कायमचं वंध्यत्व क्वचितच येतं. शुक्राणू तयार व्हायला जवळजवळ अडीच महिने लागतात, त्यामुळे वीर्यतपासणी लगेच करून घाबरण्यात अर्थ नाही. तीन-चार महिन्यांनी करावी.

“मुलीकडच्यांना सांगू का?” त्याचा खरा प्रश्न हा होता. माझं मत मी दिलं: मुलीकडच्यांना नाही, मुलीला सांगा, आणि तुम्ही स्वतः सांगा. मामा-काकांच्या तोंडून गेलं तर त्याचं भलतंच होईल. त्याने फोन केला का, ते मी विचारलं नाही. पंधरा दिवसांनी तपासणीला आला तेव्हा सूज ओसरली होती, थोडा दुखरेपणा होता. तो काही आठवडे राहू शकतो. न दुखणारी टणक गाठ हाताला लागली तर मात्र पुन्हा दाखवायला या, एवढं त्याला बजावलं.