विंचूदंश : मूल शांत झाले म्हणजे विष उतरले का?

प्रश्न : गेल्या मे महिन्यात आमच्या वाडीत पावसाळ्याच्या बेगमीची लाकडे रचताना सहा वर्षांच्या मुलाला लाल विंचू चावला. थोडा वेळ रडून तो गप्प पडून राहिला, तेव्हा विष उतरले असे जाणत्या माणसांनी सांगितले. मात्र त्याला दरदरून घाम सुटला होता आणि हातपाय गार पडले होते. आईने हट्टाने त्याला रुग्णालयात नेले आणि तो वाचला. सुट्टीत माझीही नातवंडे येतात. धोका कसा ओळखावा आणि गाडी येईपर्यंत काय करावे?
– एक आजी, दापोली तालुका

उत्तर : त्या आईने जे पाहिले, तेच पाहायचे असते. आपण वेदनेवरून विषाचा अंदाज बांधतो आणि लहान मुलांच्या बाबतीत तिथेच घात होतो. मोठ्या काळ्या इंगळीच्या डंखाने मूल आकांत करते, तरी तिचे विष बहुधा तितके घातक नसते. उलट कोकणातला लहानसा लाल विंचू चावल्यावर ठणका फारसा नसतानाही विष अंगात भिनत असू शकते. या विषामुळे रक्तात ॲड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर असह्य ताण पडतो आणि पुढे फुप्फुसांत पाणी साठते. मुलाचे वजन कमी असल्याने तेवढेच विष त्याला अधिक बाधते.

उलटी, दरदरून घाम, तोंडाला सुटणारी लाळ, थंडगार हातपाय, कासाविशी किंवा अनैसर्गिक ग्लानी, यांपैकी काहीही दिसले तर क्षणभरही थांबू नये. मुलग्यांमध्ये लिंगाला ताठरता येणे हेही विष भिनल्याचे लक्षण आहे, ते संकोच न बाळगता डॉक्टरांना सांगावे. खोकला, धाप आणि तोंडातून गुलाबी फेस ही अवस्था फार पुढची असते. मुलाच्या बाबतीत माझे मत तर असे आहे की लक्षणांची वाटच पाहू नये. विंचू चावला की १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या गाडीने निघावे आणि पुढचे काही तास त्याला डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवावे.

तोवर मुलाला आडवे निजवावे, डंखाच्या जागी फडक्यात गुंडाळलेला बर्फ धरावा आणि चावल्याची वेळ लिहून ठेवावी. आवळून दोरी बांधणे, चिरा देणे, कांदा किंवा पाला चोळणे यांचा उपयोग नाही. विंचू उतरवणाऱ्याकडे नेण्यात जो वेळ जातो, तो मात्र परत मिळत नाही.

यावरचा उपाय कोकणातच उभा राहिला, हे मुद्दाम सांगायला हवे. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी या रुग्णांना देऊन पाहिली आणि १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तिची माहिती प्रसिद्ध केली. गंभीर विषबाधेत पूर्वी शंभरातले सुमारे तीस रुग्ण दगावत असत. वेळेवर मिळालेल्या या गोळीने ते प्रमाण अगदी थोड्यावर आले. प्रतिविषही आहे, आणि प्राझोसिनच्या जोडीला ते दिल्यास रुग्ण लवकर सावरतो, असे महाडमधल्याच अभ्यासातून २०११ मध्ये पुढे आले.

नातवंडे येण्याआधी चिऱ्यांची रास, नारळाच्या सोडणांचा ढीग आणि लाकडे पडवीपासून दूर हलवावीत, पण हे काम मुलांच्या हाती देऊ नये. अंथरूण भिंतीपासून सुटे घालून मच्छरदाणी नीट खोचावी आणि चपला-बूट झटकल्याशिवाय पायात घालू देऊ नयेत. अतिनील प्रकाशाच्या लहान विजेरीत विंचू हिरवट चमकतो. रात्री पडवी आणि गडगा तिने पाहून घेणे सोपे जाते.

प्रश्न : मग ही गोळी घरीच आणून ठेवावी का?
– एक पालक, राजापूर

उत्तर : ठेवू नये. तिची मात्रा मुलाच्या वजनावर ठरते, नुसता ठणका असेल तर ती लागत नाही, आणि ती दिल्यावर रक्तदाब एकदम उतरू शकतो. म्हणूनच रुग्णालयातही गोळी दिलेल्या मुलाला उभे करू नये, की कडेवर उचलून घेऊ नये, हे नातेवाइकांना बजावावे लागते. त्यापेक्षा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन ही गोळी तिथे शिल्लक असते का आणि रात्री डॉक्टर हजर असतात का, याची चौकशी आजच करावी. नसतील तर त्यापुढचे कोणते रुग्णालय गाठायचे, हे घरातल्या सर्वांना ठाऊक असू द्यावे.