न कळवता 12 दिवस गैरहजर राहिलो, कंपनीने कामावरून काढलं, युनियन परत घेऊन देईल का?

युनियनचं कार्ड आहे म्हणजे नोकरी जाऊच शकत नाही असं नसतं हो. रजा न टाकता 10 दिवसांपेक्षा जास्त गैरहजेरी हे जुन्या मॉडेल स्टँडिंग ऑर्डरमध्येच (म्हणजे कामगारांच्या सेवानियमांचा सरकारी नमुना) गैरवर्तन म्हणून लिहिलेलं आहे, आणि तुमचे तर 12 दिवस झालेत, तेवढे दिवस युनियनलाही पुसता येत नाहीत.

पण आधी हे बघा की चार्जशीट (कंपनीने दिलेलं लेखी आरोपपत्र) आणि कंपनीत चौकशी झाली का, की थेट नाव काढलं? कारण डी. के. यादव या कामगाराच्या केसमध्ये कंपनीने 8 दिवस गैरहजर म्हणून चौकशी न करताच काढलं होतं, कामगाराचं म्हणणं होतं की मला गेटवरच अडवलं, तर 1993 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की स्टँडिंग ऑर्डरमध्ये काहीही असो, बाजू मांडायची संधी द्यावीच लागते, आणि त्याला 50 टक्के मागच्या पगारासकट कामावर घ्यायला लावलं.

युनियनचा खरा उपयोग चौकशीत, म्हणजे सोबत बसणं, साक्षीदाराला प्रश्न विचारणं, मॅनेजमेंटशी बोलणं. गैरहजेरीचं कारण मात्र तुम्हालाच द्यावं लागेल. दवाखान्याचे कागद, केलेले फोन, घरच्यांनी सुपरवायझरला पाठवलेला व्हॉट्सॲप मेसेज, जे असेल ते आजच गोळा करा. आणि कंपनीचं पत्र आलं तर ते परत पाठवू नका, घ्या आणि लेखी उत्तर द्या, पोच घ्या, बरेच जण इथेच चुकतात आणि मग चौकशी एकतर्फी होते.