पाणी आणि आपण : रंकाळ्यावरचा हिरवा थर

प्रश्न : बाई, आमच्या म्हशी वडिलांच्या काळापासून रंकाळ्यात डुंबत आल्या. यंदा उन्हाळ्यात काठाला हिरवा रंग ओतल्यासारखा थर धरतोय आणि घाण वास मारतोय. शेवाळ काय, पूर्वीपण असायचंच. म्हशी सोडू का नको?
– एक दूधवाले, गंगावेस

उत्तर : भाऊ, थर आहे तोवर सोडू नका. रेडकं तर अजिबात नकोत.

पूर्वीचं शेवाळ दगडाला धरायचं, हातात घेतलं की केसांसारखं लांब निघायचं. त्यानं पाय घसरतो, एवढंच. तुम्ही सांगताय ते निळं-हिरवं शेवाळ वाटतं. नाव शेवाळ असलं तरी ते जिवाणू आहेत. त्यातला मायक्रोसिस्टिस आपल्याकडच्या तळ्यांत नेहमी सापडतो. कॉलेजात शिकवत होते तेव्हा मुलं रंकाळ्याचं पाणी बाटलीत भरून आणायची. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे पुंजके पाहताना वर्ग गप्प व्हायचा. याच्या पेशीत हवेच्या बारीक पोकळ्या असतात. त्यामुळे तो वर तरंगतो आणि वारा त्याला एका काठाला लोटतो. म्हणून समोरचा काठ स्वच्छ आणि तुमच्या पायाशी साय, असं होतं. त्याचं विष यकृतावर जातं. पाणी उकळून ते जात नाही. ऑस्ट्रेलियात अशा तळ्याचं पाणी पिऊन जनावरं मेल्याची नोंद 1878 सालची आहे. म्हैस नुसती डुंबली तरी पाणी पिते, बाहेर येऊन अंग चाटते.

घरी पाहायचं तर हातमोजे घालून काचेच्या बरणीत पाणी घ्या आणि रात्रभर न हलवता फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी हिरवं वर येऊन कडं धरलं तर संशय पक्का समजा. तळाला बसलं तर बहुधा साधं शेवाळ. विष किती आहे, हे मात्र प्रयोगशाळेतच कळतं. म्हैस वैरण सोडून सुस्त पडली, थरथरली, तर लगेच जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा आणि तळ्यावर गेली होती हे आधी सांगा.

प्रश्न : आमच्या तालमीच्या पोरांनी वर्गणी काढून तळ्यात मोरचूद टाकायचं ठरवलंय. किती लागेल?
– एक कार्यकर्ते, शिवाजी पेठ

उत्तर : चिमूटभरही टाकू नका, ही माझी कळकळीची विनंती. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. त्यानं शेवाळाच्या पेशी फुटतात आणि आतलं विष एकदम पाण्यात उतरतं. मेलेला थर कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातो, मासे मरतात. तांबं गाळात बसतं ते बसतंच. शिवाय काही आठवड्यांत थर पुन्हा येतो, कारण त्याचं खाणं तसंच राहतं.

ते खाणं म्हणजे फॉस्फरस. तो मैल्यातून येतो, साबणाच्या पाण्यातून येतो, शेतातल्या खतातून येतो. कॅनडात 1973 साली एका तळ्याचे मधोमध पडदा लावून दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन घातला, दुसऱ्यात त्याबरोबर फॉस्फरसही. दुसराच भाग हिरवागार झाला. अमेरिकेत सिएटलजवळच्या वॉशिंग्टन तळ्यात सोडलं जाणारं सांडपाणी 1963 ते 1968 या काळात टप्प्याटप्प्यानं वळवलं आणि ते पाणी नितळ झालं. कुठलीही पावडर न टाकता. आपल्याला वेळ जास्त लागेल, कारण आपलं तळं उथळ आणि गाळात साठलेला फॉस्फरस उन्हाळ्यात वर येत राहतो. तरी सुरुवात तिथूनच आहे.

तेव्हा पोरांची ताकद नाल्यांवर लावा. भर एप्रिलात जो नाला वाहतो त्यात पावसाचं पाणी नसतं, हे उघड आहे. त्याच्या कडेनं वरपर्यंत चालत जा. कुठली गटार कुठं मिळते, ते तारीख घालून वहीत लिहा, फोटो काढा, नकाशा करा. तो घेऊन तालमीतली सगळी पोरं अधिकाऱ्यांसमोर बसू देत. अशा कामाला मी स्वतः यायला तयार आहे.

प्रश्न : केंदाळ काढलं की शेवाळ वाढतं, हे खरं का?
– एक वाचक, फुलेवाडी

उत्तर : होऊ शकतं. केंदाळ, म्हणजे जलपर्णी, दक्षिण अमेरिकेतून आलेलं, मायक्रोसिस्टिस इथलाच, पण दोघं एकाच खाण्यावर जगतात. केंदाळ ऊन अडवतं. ते काढलं आणि सांडपाणी चालूच राहिलं, की शेवाळाला ऊन आणि खाणं दोन्ही मिळतं. तरी केंदाळ काढायचंच, त्याच्याखाली मासे गुदमरतात. फक्त काढलेल्याचा ढीग काठावर ठेवू नका. कुजलं की सगळं पुन्हा पाण्यात उतरतं. त्याच दिवशी ट्रॉलीत भरून लांब न्या.