पत्रकं छापण्याआधी उमेदवाराची माणसं बघ

भाऊ, पहिलाच प्रचार हाती घेतलास, बरं वाटलं. पण एक रात्र उमेदवाराला एकट्याला धरून बस आणि विचार, तुमच्यासोबत बॅनरवर आजवर कोणकोण झळकलंय? वाळूवाला, गुत्तेदार, सोयरा, सगळे. उमेदवारी अर्जासोबतच्या नमुना 26 च्या शपथपत्रात स्वतःवरचे गुन्हे लिहावे लागतात, मित्रावरचे नाही. बाजारात, मोंढ्यात मात्र मित्राचेच आधी मोजतात. बीडचं आठवतंय ना? निकटवर्तीयावर खुनाच्या प्रकरणात आरोप, अन् मार्च 2025 मध्ये मंत्र्याचा राजीनामा.

नवखे दोन चुका हमखास करतात:

- गुन्हे असलेल्या मित्राबद्दल 'मी त्याला ओळखतच नाही' म्हणणं. आमच्या उमेदवाराने हेच केलं. तासाभरात व्हॉट्सअॅपवर फोटो आला, त्याच माणसाच्या पोरीच्या लग्नात साहेब फेटा बांधून पंगतीत बुंदी वाढतायत! ओळख कबूल करायची. धंद्यात भागी नसेल, तर आणि तरच, तसं उमेदवाराने स्वतः एकदा सांगायचं.
- रोज खुलासे. ज्या गावाला माहीत नव्हतं, तिथंही आपणच पोचवतो.

आणि अशा बदनाम मित्राला प्रचाराच्या गाडीत पुढे बसवू नकोस. रुसला तर रुसू दे. बाकी जाहिराती, सर्व्हे वगैरे नंतर बघू.