१२ टाक्या मावतील अशी खोली आहे, ऑलोनोकाराच्या किती जातींचं ब्रीडिंग करता येईल? फिल्टर कोणता घ्यावा?

तीन. फार ओढलंत तर चार.

१२ टाक्या म्हणजे १२ जाती असा हिशेब प्रश्नात दिसला, म्हणून लिहायला बसलो. ऑलोनोकारा म्हणजे आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले रंगीत मासे. त्यांची मादी साधारण तीन आठवडे अंडी-पिल्लं तोंडात धरते आणि त्या काळात जवळजवळ काही खात नाही. तिला वेगळी, शांत टाकी लागते. पिल्लं सोडल्यावर लगेच परत टाकलीत तर नर तिला पळवून पळवून मारतो, म्हणजे अंगात ताकद येईपर्यंत तिला तिथेच राहू द्या. पिल्लांना वाढायला आणखी एक मोठी टाकी. नर-माद्यांची मूळ टाकी धरून जातीमागे तीन टाक्या अशा जातात. चौथी जात घेतलीत की नव्या किंवा आजारी माशाला वेगळं ठेवायला टाकीच उरत नाही.

माझे एक जुने स्नेही म्हणायचे, "रिकामी टाकी म्हणजे वाया गेलेली जागा." त्यांच्याकडे भिंतभर टाक्या आणि एकही मोकळी नाही. जागा वाचवायला ऑलोनोकाराच्या दोन जाती, स्टुअर्टग्रांटीचा निळा प्रकार आणि बेन्शी, एकाच टाकीत. नर कळतात, एक निळा, दुसरा पिवळा. माद्या मात्र दोन्हीकडच्या करड्या, अंगावर पुसट पट्टे. शेजारी शेजारी धरल्या तरी भलेभले चकतात. त्यांच्या शब्दावर मी बेन्शीची पिल्लं आणली. आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव) उबवून खायला घातला, पाणी बदलण्यात कधी हयगय केली नाही. नरांना रंग चढायला लागला तेव्हा ते ना धड पिवळे, ना धड निळे. विचारलं तर म्हणाले, "दिसायला सुरेख आहेत की, तुला अडचण काय?"

अडचण त्या पिल्लांतल्या माद्यांची होती. त्या हुबेहूब शुद्ध मादीसारख्या दिसतात. त्या पुढे दिल्या की खोट उघडी पडते ती पुढच्या पिढीत, तिसऱ्याच माणसाच्या टाकीत, आणि तोवर त्याचं वर्ष गेलेलं असतं. मी त्यातलं एकही पिल्लू कुणाला दिलं नाही. सगळी शेवटपर्यंत माझ्याकडेच राहिली आणि एक मोठी टाकी तेवढा काळ अडली. याचा मला आजही अभिमान आहे. ओबी पीकॉक हा ठिपकेदार मासा मुळातच संकर, तो संकरित म्हणून विका, माझी हरकत नाही. संकर बेन्शी म्हणून विकणं ही सरळ फसवणूक आहे.

आता फिल्टर. प्रत्येक टाकीत हवेवर चालणारा स्पंज फिल्टर, सगळ्यांना मिळून एक मोठा एअर पंप, भिंतीवरून वरच्या बाजूने फिरवलेला पीव्हीसी पाइप आणि टाकीगणिक एक कॉक. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, नाहीतर वीज गेली की पाणी नळीतून उलटं येतं. टाकीगणिक हीटर घेण्यापेक्षा खोलीच २६ अंशांच्या आसपास ठेवा. दमट हवा बाहेर काढायला एक्झॉस्ट फॅन हवाच. निचऱ्याची सोय टाक्या आणण्याआधी करा. बादल्या वाहून कंटाळलेला माणूस पाणी बदलायचं टाळतो, आणि मलावीच्या माशांना लागणाऱ्या ८ च्या पुढच्या पीएचला पाण्यात साचणारा अमोनिया जास्त घातक ठरतो.

हा हिशेब तोंडात अंडी धरणाऱ्यांचा. टांगानिका सरोवरातल्या, शंखात राहणाऱ्या छोट्या सिक्लिडची (ऑलोनोकाराच्याच कुळातल्या माशांची) पिल्लं आईबापांच्याच टाकीत वाढतात, तिथे टाक्या कमी लागतात. आणि २०० लिटरच्या टाकीत नुसतं पाणीच २०० किलो असतं. खोली वरच्या मजल्यावर असेल तर आधी इंजिनिअरला दाखवा.

प्रत्येक टाकीवर जात, मूळ ठिकाण आणि कुणाकडून आणली हे लिहून चिकटवा. स्टुअर्टग्रांटीचा रंग सरोवरातल्या ठिकाणागणिक बदलतो, त्यामुळे नुसतं जातीचं नाव पुरत नाही. आणि दोन जाती एकत्र ठेवायला सांगणारा कितीही जुनाजाणता असला तरी त्याला टाकीसमोर उभं करून विचारा, यातली कुठली मादी कुठल्या जातीची. माझ्या स्नेह्यांना ते कधीच दाखवता आलं नाही.