सोमवारचं बीपी

"गोळी एक दिवस चुकवली नाही, लोणचं-पापड बंद केलं, तरी बीपी उतरंना. काय राहिलंय मॅडम?"

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत सुपरवायझर असलेले ४८ वर्षांचे दादा माझ्या समुपदेशनाच्या टेबलावर वही पुढे सरकवत विचारत होते. डॉक्टरांनी घरी बीपी मोजून लिहायला सांगितलं होतं. पानं चाळताना सोमवारचे आकडे नजरेत भरले : १४८/९४, १५२/९६. गुरुवारी १३८/८८.

झोपेचं विचारलं, तर म्हणाले, "सहा-सात तास होते की!" सरासरी काढली तर तेही खरंच होतं. पण शनिवारी रंकाळ्यावर मित्रांबरोबर बसून घरी यायला दीड वाजायचा. रविवारी दहाला उठणं, दुपारी तांबडा-पांढरा रस्सा झाला की चार तास ताणून देणं, मग रात्री डोळ्याला डोळा नाही. आणि सोमवारी साडेपाचचा गजर.

निरोगी माणसाचं बीपी झोपेत दिवसापेक्षा साधारण १० ते २० टक्के उतरतं. रक्तवाहिन्यांची ती रोजची विश्रांती. झोप अपुरी पडली, तुटली किंवा तिची वेळ सारखी सरकली की शरीराचं घड्याळ गोंधळतं आणि हा उतार नीट मिळत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०२२ मध्ये हृदयाच्या आरोग्याच्या निकषांत झोप घातली, ती उगीच नाही.

एवढ्यात वहिनी बोलल्या, "घोरतात ते असू दे, पण मधेच श्वासच थांबतो. मी हलवून जागं करते." मी तिथंच थांबले. ही तक्रार समुपदेशनानं सुटणारी नव्हे. झोपेत श्वास अडकणं हे न उतरणाऱ्या बीपीचं मोठं कारण असतं. चिठ्ठी देऊन त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं. पुढे तपासणीत तेच निघालं आणि रात्री लावायचं मशीन सुरू झालं.

माझ्याकडे एवढंच ठरलं : उठायची वेळ रविवारीसुद्धा सहाच्या पुढे नाही, दुपारची झोप अर्धा तास, संध्याकाळचा चहा बंद. रंकाळा मी सोडायला लावला नाही. मित्र तुटले तर माणूस दुसरीकडून खचतो. फक्त सातला जायचं, साडेदहाला घरी. पहिले दोन रविवार घरात चिडचिड झाली, हे वहिनींनी स्पष्ट सांगितलं.

दोन महिन्यांनी सोमवारचा आकडा १३६/८६ दिसला. मशीनमुळे किती आणि वेळ पाळल्यामुळे किती, ते वेगळं काढता येत नाही. दादा आता वहीत बीपीशेजारी दिवा मालवल्याची वेळ लिहितात. गोळी तीच आहे. कमी करायची का, ते डॉक्टर ठरवतील.