अलार्म एका जॅकचा, कोटेशन चार जॅकचं

ह्यूस्टनजवळ राहणाऱ्या एका निवृत्त जोडप्याचा प्रश्न आहे. नवरा ६३ वर्षांचा, बायको ६१. २०२२ मध्ये त्यांनी २०११ सालचं डिझेल मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, ८२,००० डॉलर रोख मोजून घेतलं. गेले काही महिने गाडी चालवताना ‘जॅक (उभी गाडी सपाट ठेवणारे खालचे चार पाय) खाली आहेत’ असा लाल दिवा लागतो आणि बझर वाजतो, विशेषतः खडबडीत रस्त्यावर. डीलरने संपूर्ण हायड्रॉलिक लेव्हलिंग सिस्टिम बदलायला सांगितली आहे, खर्च ९,६०० डॉलर. ते नको असेल तर जुनी गाडी ४१,००० ला आम्हाला द्या, १,५१,००० ची नवी घ्या, उरलेल्या १,१०,००० चं पंधरा वर्षांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी करून देतो, असंही सुचवलंय. हे गृहस्थ विचारतात: ९,६०० आयआरएमधून (निवृत्तीसाठीच्या बचत खात्यातून) काढू, की गाडीच बदलू?

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तुम्ही कंसात लिहिली आहे: ‘चारपैकी फक्त मागच्या डाव्या जॅकचा दिवा लागतो.’ पैशांचा निर्णय इथूनच सुरू होतो. पंप बिघडला, तेल कमी झालं किंवा बॅटरीचं व्होल्टेज पडलं, तर त्याचा त्रास साधारणपणे चारही जॅकना होतो. एकच दिवा लागत असेल तर दोष बहुधा त्या कोपऱ्यात आहे. तो जॅक खरंच पूर्ण वर गेलेला नाही, किंवा गेलाय पण तसं सांगणारा स्विच नाही तर त्याची वायर खोटं बोलते आहे. गचके बसल्यावरच बझर वाजतो म्हणता, तर माझा पहिला संशय वायरच्या जोडावर. गाडीच्या पोटाखाली, चाकाशेजारी, चिखलपाण्यात चौदा वर्षं काढलेला कनेक्टर आहे तो.

हे ओळखायला महागडं यंत्र लागत नाही. बझर वाजला की गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, पार्किंग ब्रेक लावा आणि बाहेरूनच टॉर्च मारून चारही जॅकचे चकचकीत दांडे बघा. मागचा डावा बाकीच्या तिघांपेक्षा खाली लोंबतोय का? लोंबत असेल तर दोष यांत्रिक: दांड्यावर साचलेली घाण किंवा गंज, थकलेली स्प्रिंग, नाही तर तेल टाकीत परत सोडणारा व्हॉल्व्ह अडकलेला. नुसत्या घाणीचा प्रश्न असेल तर दांडा पुसून सिलिकॉन स्प्रे मारला की भागतं. चारही सारखेच वर असतील तर दोष विजेचा. मग तंत्रज्ञ त्या जॅकच्या स्विचचा कनेक्टर काढून बघतो. खाली आलेला जॅक ग्राउंड देऊन (वायर चासीला जोडून) दिवा लावतो अशा पद्धतीची सिस्टिम असेल, तर कनेक्टर काढल्यावर दिवा विझला म्हणजे स्विच खराब. तरीही पेटलेलाच राहिला, तर वायर कुठे तरी चासीला घासून उघडी पडली आहे. तेलाची पातळीही एकदा बघून घ्या, पण सगळे जॅक आणि स्लाइडआउट (बाहेर सरकणारे खोलीचे भाग) आत असताना. बाहेर असताना टाकी भरली तर जॅक वर घेताना तेल उतू जातं.

दोन गोष्टी मात्र करू नका. बझरचा फ्यूज काढून त्याचं तोंड बंद करू नका. एखाद्या दिवशी जॅक खरंच खाली राहिला आणि रस्त्यावर आपटला, तर ९,६०० स्वस्त वाटतील. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. तेल गळलं किंवा एअर सस्पेन्शन बसलं तर गाडी क्षणात खाली येते, आणि अशी माणसं गेली आहेत. खाली जायचं काम ज्याच्याकडे दणकट स्टँड आहेत त्याचं.

आता कोटेशन. तुम्ही पाठवलेल्या कागदावर चार जॅक ५,६००, पंप आणि टाकी १,५००, कंट्रोल बॉक्स ९००, मजुरी १,६०० असं लिहिलंय. पण नेमकं बिघडलंय काय, याचा एक शब्दही त्यावर नाही. दोष न शोधता सगळंच बदलणं हा दुकानाच्या दृष्टीने सोपा मार्ग, कारण गाडी परत येत नाही. पैसे तुमचे जातात. त्यांच्याच भावाने एक जॅक १,४०० चा होतो; दोष त्या एकाच कोपऱ्यात असेल तर मजुरी धरूनही वाईटात वाईट गोष्ट दोन हजारांच्या आसपास थांबते. नुसता स्विच किंवा वायर असेल तर त्याच्या कितीतरी आत.

म्हणून माझं मत: आधी दोष शोधायला ५०० डॉलरची मर्यादा घाला आणि एखादा फिरता आरव्ही (मोटरहोमसारख्या राहत्या गाड्यांचा) तंत्रज्ञ घरी बोलवा. टेक्सासमध्ये अशी माणसं मिळायला अडचण नाही, त्यांना शिकवणारी मोठी संस्था तुमच्याच राज्यात, अथेन्स गावी आहे. त्याला येण्याआधी पॅनेलचा फोटो आणि मॉडेल नंबर पाठवा. एचडब्ल्यूएच, पॉवर गिअर, लिपर्ट, इक्वलायझर या जॅक बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीची वायरिंग वेगळी. पॉवर गिअर २०१४ मध्ये लिपर्टकडे गेली, त्यामुळे पॅनेलवर एक नाव आणि सुट्या भागांच्या खोक्यावर दुसरं दिसलं तर गोंधळू नका. ‘काय तपासलं, काय सापडलं’ हे लेखी घ्या.

दुरुस्ती दोन हजारांच्या आत बसली तर बचत खात्यातून करा. तिथे तुमचे ३८,००० पडून आहेत, ते अशाच वेळेसाठी. आयआरएला हात लावू नका. वय साडेएकोणसाठच्या पुढे असल्याने दहा टक्के दंड नाही हे खरं, पण काढलेली रक्कम उत्पन्नात धरली जाते. आयकराच्या बारा टक्क्यांच्या टप्प्यात ९,६०० हातात यायला सुमारे १०,९०० काढावे लागतील. शिवाय तुम्ही दोघंही अजून मेडिकेअरच्या (पासष्टीनंतरच्या सरकारी आरोग्य विम्याच्या) अलीकडे, मार्केटप्लेसमधून घेतलेल्या आरोग्य विम्यावर आहात. तिथली सबसिडी उत्पन्नावर ठरते, तेव्हा जॅकची किंमत विम्याच्या हप्त्यातूनही वसूल होऊ शकते.

नव्या गाडीचा प्रस्ताव मला साफ आतबट्ट्याचा वाटतो. १,१०,००० वर साडेआठ टक्क्यांनी पंधरा वर्षं म्हणजे महिन्याला सुमारे १,०८३ डॉलर, एकूण १,९५,००० च्या जवळ. त्यावर टेक्सासचा सव्वासहा टक्के विक्रीकर; जुन्या गाडीची किंमत वजा करूनही ६,८७५ होतात. कर्ज फिटेल तेव्हा तुम्ही ७८ चे असाल. विक्रेता म्हणाला ते खोटं नाही: झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय असलेलं मोटरहोम करासाठी दुसरं घर धरता येतं आणि त्यावर तारण कर्जाचं व्याज वजा करता येतं. पण वजावटी एकेक मांडल्या तरच. पहिल्या वर्षाचं व्याज साधारण ९,२००, तुमचा प्रॉपर्टी टॅक्स ९,०००. घराचं कर्ज फिटलेलं. २०२५ ची जोडप्याची स्टँडर्ड डिडक्शनच (वजावटी न मांडता सरसकट मिळणारी सूट) ३१,५०० होती. म्हणजे त्या सवलतीचा तुम्हाला छदामही मिळणार नाही. एका बझरसाठी पंधरा वर्षांचं कर्ज म्हणजे जखम मांडीला, मलम शेंडीला.

४१,००० हा आकडा बघून वाईट वाटलं असेल, पण त्यात जॅकचा वाटा थोडा आहे. तुम्ही ऐन तेजीत घेतलंत. २०२१ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या कारखान्यांतून सहा लाखांवर आरव्ही बाहेर पडल्या, २०२३ मध्ये तीन लाखांच्या थोड्या वर. मागणी ओसरली, तसे जुन्या गाड्यांचे भावही. ते पैसे गेले. ते भरून काढायच्या नादात नवं कर्ज घेऊ नका.

तंत्रज्ञाने खरंच पंप आणि दोन-तीन जॅक गेलेत असं पुराव्यासह सांगितलं, म्हणजे आकडा पाच हजारांवर गेला, तर? मग मी लगेच पैसे ओतणार नाही. जॅक खात्रीने वर राहत असतील तर सपाट काँक्रीटच्या जागा निवडून, चाकाखाली ठोकळे घालून एक हंगाम काढता येतो. फ्रिज कोणता आहे तेवढं बघा. गॅसवर चालणारा शोषण पद्धतीचा फ्रिज तिरका ठेवून चालवला तर त्याचं कूलिंग युनिट खराब होतं, आणि तोही खर्च हजारांतच. घरच्यासारखा कॉम्प्रेसरचा असेल तर एवढी काळजी नाही.

तसंही तुमच्या गाडीत जॅकच्या आधी पैसे मागणारी वस्तू दुसरीच असेल अशी मला शंका आहे. टायरच्या बाजूला डीओटी अक्षरांच्या ओळीत शेवटचे चार आकडे वाचा. ‘३२१८’ असेल तर २०१८ चा ३२ वा आठवडा. मोटरहोमचे टायर झिजून नाही, उभ्या उभ्या म्हातारे होऊन फुटतात. सहा-सात वर्षं उलटली असतील तर आधी ते सहा टायर, मग बाकीचं.

वहिनींनी पत्राच्या खाली वेगळ्या शाईत लिहिलंय की गेल्या वर्षी गाडीत फक्त ३४ रात्री झाल्या आणि नातू शाळेत जायला लागल्यापासून त्याही कमी होतील. विमा, पार्किंग, नोंदणी, देखभाल मिळून वर्षाला ७,२०० जातात असं तुमचाच हिशेब सांगतो. रात्रीला सुमारे २१२ डॉलर, डिझेल आणि कॅम्पग्राउंडचं भाडं वेगळं. पुढच्या वर्षी रात्री वीसवर आल्या तर तोच आकडा ३६० होतो. त्या बोलण्याला उत्तर तुम्ही पत्रात दिलेलं नाही. दोघांनी बसून ते ठरवा, आणि विकायचं ठरलं तर अलार्म दुरुस्त करून, तंत्रज्ञाची पावती फाइलला लावून, वसंतात थेट ग्राहकाला विका. बझर वाजत असताना टेस्ट ड्राइव्हला कुणी बसलं, तर तो दुरुस्तीच्या कितीतरी पट किंमत खाली मागेल.